बेट बुडण्याआधी विहीर खारी होते

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिककर गोदाघाटावर जाऊन एकच गोष्ट पाहतात : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. आणि मूर्ती बुडायला आली की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. क्युसेकचे आकडे सरकारी पत्रकात येतात, पण शहराची खरी मोजपट्टी ती मूर्तीच आहे. पुराची उंची पुरुषभर मापाने मोजणाऱ्या लोकांना समुद्राच्या बातमीतला आकडा किरकोळ वाटला तर नवल नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांचे संशोधन एकत्र करून सरकारांपुढे मांडणारे मंडळ, ज्याला बातम्यांत आयपीसीसी म्हणतात, त्याच्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली. “म्हणजे हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढी. त्याने आख्खा देश कसा बुडेल हो?” असे लक्षद्वीपच्या सहलीहून परतलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी मला विचारले.

प्रश्न रास्त आहे. मात्र त्यातला “बुडणे” हा शब्दच आपली दिशाभूल करतो, असे मला वाटते. जगाच्या नकाशावरून बेट पुसले जाण्याच्या कितीतरी आधी तिथल्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहत नाही, किनाऱ्याला आडोसा देणारे प्रवाळ मरते आणि कधीकाळी आयुष्यात एकदा येणारा पूर दर दोन-चार वर्षांनी येऊ लागतो. बेटांचे नियोजन करणाऱ्यांची झोप उडाली आहे ती या तीन गोष्टींमुळे.

सगळी बेटे एका जातीची नसतात

उष्ण कटिबंधातली बेटे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिली डोंगराळ बेटे : हवाई, पोर्तो रिको, फिजीतली मोठी बेटे. त्यांना जंगले, ओढे आणि मागे सरकायला जमीन असते. दुसरी सखल प्रवाळबेटे : लक्षद्वीप, मालदीव, तुवालू, किरिबाती. ही बहुतेक ठिकाणी समुद्रापासून दोन-तीन मीटरही उंच नसतात आणि बांगडीच्या आकाराच्या प्रवाळ-कड्यावर मण्यांसारखी ओवलेली असतात. या रचनेला कंकणद्वीप म्हणतात.

कंकणद्वीप तयार कसे होते, याचा अंदाज चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडला होता. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वाढते, पुढे ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खाली खचतो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहते आणि शेवटी डोंगर दिसेनासा होऊन फक्त त्याच्या कडेची बांगडी उरते. शंभरहून अधिक वर्षांनी, १९५२ मध्ये, मार्शल बेटांतल्या एनेवेटाक येथे खोल छिद्र घेतले, तेव्हा बाराशे मीटरहून जाड प्रवाळखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

हे फार दूरचे प्रकरण नाही. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, म्हणजे ज्यातून आपला ब्रह्मगिरी घडला, त्याच स्रोतावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला तेव्हा समुद्रतळावर उमटलेली खूण म्हणजे लक्षद्वीप आणि मालदीवच्या खालची डोंगररांग, असे भूवैज्ञानिक मानतात. नात्याने ही बेटे आपल्या काळ्या पाषाणाची धाकटी भावंडे आहेत.

लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक महानगरपालिकेच्या क्षेत्राच्या आठव्या भागाएवढी भरते. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या वर होती.

वाळू येते कुठून?

आमच्या त्याच शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, त्यांच्या वडिलांनी कोण्या काळी आणलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा आहे. (आज असा तुकडा उचलून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.) हातात घेतला तर तो दगडासारखा जड आणि खरखरीत लागतो, जवळून पाहिले की त्यावर तांदळाच्या कणीएवढ्या, आतून चांदणीसारख्या दिसणाऱ्या शेकडो खळग्या दिसतात. प्रत्येक खळगी म्हणजे एका मऊ, इवल्याशा प्राण्याचे घर होते. आपल्या सराफ बाजारात अंगठीसाठी मिळणारे लाल पोवळे हे याचे लांबचे नातलग असले तरी ते बेटे बांधत नाही. तो गोंधळ इथेच मिटवलेला बरा.

हा प्राणी घरमालक आहे आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते. शैवाल सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा भाडे म्हणून मालकाला देते. प्रवाळाचा रंगही त्याचाच. समुद्राचे पाणी तिथल्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हा भाडेकरू विषारी द्रव्ये सोडू लागतो आणि मालक त्याला बाहेर काढतो. मग प्रवाळ पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. विरंजन म्हणजे मृत्यू नव्हे, उपासमार. पाणी लवकर थंड झाले तर भाडेकरू परत येतो, नाही झाले तर घर ओस पडते.

“एका अंशाने काय होते?” असे विचारणाऱ्याला निफाड-दिंडोरीचा कोणीही बागायतदार उत्तर देऊ शकेल. त्याच्या बागेत नुसते तापमान महत्त्वाचे नसते, ते किती दिवस टिकले यावर भुरी आणि डावणी या द्राक्षावरच्या रोगांचे भवितव्य ठरते. समुद्रशास्त्रज्ञही तसाच हिशेब ठेवतात. अंशभर जादा उष्णता चार आठवडे टिकली की विरंजनाची भीती आणि त्याच्या दुप्पट साठली की मोठ्या प्रमाणावर मरतूक, असा त्यांचा ठोकताळा आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळाला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे तडाखे बसले. २०२४ मध्ये जगभरच्या चौथ्या विरंजनलाटेत पुन्हा बसला. गारपिटीने झोडलेली बाग पुढच्या छाटणीला सावरते, पण दर हंगामाला गारपीट झाली तर सावरायला सवडच मिळत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या प्रवाळभिंतींना दोन तीव्र विरंजनांच्या मध्ये सरासरी २५ ते ३० वर्षे मिळत. आता जेमतेम सहा मिळतात.

आता वाळूकडे येऊ. प्रवाळबेटावरची पांढरीशुभ्र वाळू नदीने आणलेली नसते, कारण तिथे नदीच नसते. ती प्रवाळाच्या, शंखशिंपल्यांच्या आणि चुनखडी साठवणाऱ्या शैवालाच्या कणांची बनलेली असते. तिचा बराच भाग पोपटमाशाच्या पोटातून येतो : हा मासा चोचीसारख्या दातांनी मृत प्रवाळ खरवडतो, शैवाल पचवतो आणि दगडाचा चुरा मागे टाकतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी चालताना आपण कशावर चालतो, हे सहलीला गेलेल्यांना जेवणाच्या आधी न सांगितलेलेच बरे.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते. निरोगी प्रवाळभिंत वर्षाला काही मिलिमीटर वर वाढू शकते. म्हणजे ३.७ मिलिमीटर हा आकडा गोदावरीच्या पुराशी ताडायचा नाही, प्रवाळाच्या वाढीशी ताडायचा आहे. ही शर्यत आजवर जवळपास बरोबरीची होती. पण प्रवाळ मेले की ते वाढायचे थांबतेच, शिवाय लाटा त्याला झिजवू लागतात, आणि समुद्राचा वेग मात्र वाढतच आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी उष्ण समुद्रांतली ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती घटेल आणि दोन अंशांवर ती जवळजवळ नामशेष होईल, असा आयपीसीसीचा २०१८ चा अंदाज आहे. भिंत खचली की खुल्या समुद्राची लाट आपली ताकद तिथे न गमावता थेट किनाऱ्यावर येते.

मिसळीची तर्री आणि बेटाची विहीर

प्रवाळबेटाची जमीन स्पंजासारखी सच्छिद्र असते. पाऊस पडला की पाणी ओढ्याने वाहून न जाता सरळ खाली मुरते, आणि खाली असते समुद्राचे खारे पाणी. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते त्यात लगेच मिसळत नाही, वर तरंगत राहते. मिसळीच्या रश्श्यावर तर्री तरंगते तसे. चमचा वरवर फिरवला तर तर्री मिळते. घाईने खोल बुडवला की रस्सा वर येतो आणि सगळे एक होते. बेटावर मोटार लावून विहिरीतून जोराने उपसा केला की नेमके हेच घडते. या तरंगत्या थराला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात, कारण तो मध्ये जाड आणि कडेला पातळ असतो.

भिंगाचा हिशेब विलक्षण आहे. गोडे आणि खारे पाणी यांच्या घनतेतल्या थोड्याशा फरकामुळे, भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर आदर्श स्थितीत समुद्रपातळीखाली चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी साठते. हिशेब उलटाही चालतो : वरची पातळी वीतभर घटली तर खालचा साठा कित्येक मीटरनी आटतो. किनारा झिजून बेट अरुंद झाले, पाऊस उशिरा आला किंवा लोकवस्ती वाढून उपसा वाढला, की भिंग पातळ होते.

त्यातही सर्वांत वाईट प्रकार म्हणजे लाट जमिनीवरून वाहणे. गोदावरीचा पूर ओसरला की मागे गाळ उरतो. किळस येते, पण काढता येतो. समुद्राचा पूर मागे मीठ ठेवतो. ते वरून झिरपत गोड्या पाण्यात उतरते आणि पुरेसा पाऊस होऊन ते धुतले जाईपर्यंत महिने, प्रसंगी वर्षे जातात. दरम्यान दुसरी लाट आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच बेट पाण्याखाली जाण्याच्या अनेक दशके आधी त्यावर राहणे अशक्य होऊ शकते, असा इशारा संशोधक देतात.

यावर यंत्राचा उपाय आहे. कवरत्ती बेटावर २००५ पासून राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचा प्रकल्प रोज सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी तयार करतो. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाही वाफाळते. समुद्राच्या वरच्या थरातल्या कोमट पाण्याची अशी वाफ करायची आणि खोलातून ओढलेल्या गार पाण्याने ती थंड करायची, अशी ही युक्ती आहे. युक्ती सुंदर आहे, पण विहिरीला वीज लागत नाही आणि प्रकल्पाला लागते. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या केंद्राला आग लागली, तेव्हा सुमारे एक लाख लोकांच्या नळाला पाणी उरले नाही आणि भारताला विमानांनी व जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवावे लागले.

पण काही बेटे वाढत आहेत, असेही वाचले

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तुवालूच्या जमिनीचे १९७१ ते २०१४ या काळातले हवाई आणि उपग्रह-चित्रांवरून मोजमाप केले, तेव्हा एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. लाटा एका बाजूची वाळू उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. वादळ प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावर लोटते. बेट हे दगडी ओट्यासारखे स्थिर नसून खळ्यातल्या धान्याच्या राशीसारखे आहे. वाऱ्याबरोबर तिचा आकार बदलतो. त्याच वेळी लक्षद्वीपच्या बंगारम कंकणातले पराली-१ हे निर्जन बेट झिजून पूर्ण नाहीसे झाले आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. राशीत भर पडते ती जिवंत प्रवाळामुळे, आणि लक्षद्वीपमध्ये जिवंत प्रवाळाचे आच्छादन १९९८ पासूनच्या २४ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले आहे. दुसरे असे की क्षेत्रफळ वाढले म्हणून उंची वाढली किंवा विहीर गोडी राहिली असे होत नाही. पसरट झालेली रास उंच असतेच असे नाही.

डोंगर असलेल्या बेटांना काय भीती?

त्यांना मागे सरकायला जागा आहे, पण ती वरच्या दिशेने निमुळती होत जाते. आपल्या अंजनेरीवर एक कंदीलपुष्प उगवते. त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, कारण ते जगाला पहिल्यांदा तिथे सापडले. त्या पठारावरचे हवामान बदलले तर ते रोप चालत जाऊन दुसरा डोंगर गाठू शकत नाही. डोंगराळ बेटावरच्या प्रत्येक प्राण्याची नि वनस्पतीची हीच स्थिती असते, फक्त खाली शेते नसून समुद्र असतो.

हवाईतल्या काउआई बेटाचे सर्वोच्च शिखर आपल्या कळसूबाईपेक्षाही किंचित ठेंगणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांबरोबर हवाईत डास आले आणि पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा हिवताप पसरला. सखल भागातले बहुतेक स्थानिक वनपक्षी संपले. उरले ते थंडीमुळे डास पोहोचत नव्हते अशा उंचीवर. आता ती थंडी ओसरत आहे, डास वर चढत आहेत आणि वर डोंगर संपतो. अकिकिकी हा काउआईचा राखाडी-पांढरा चिमुकला पक्षी जंगलात जवळजवळ उरलेला नाही. २०२३ पासून हवाईत वेगळ्या जातीचा जीवाणू टोचलेले नर डास हेलिकॉप्टरने सोडले जात आहेत. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत आणि नर डास मुळात चावत नाहीत.

पोर्तो रिकोची गोष्ट माणसांची आहे. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ बेटावरून आडवे गेले. तिथली मोठी वीजकेंद्रे दक्षिणेला, विजेची गरज उत्तरेला आणि तारा मधल्या डोंगरांवरून ओढलेल्या. त्या पडल्या आणि काही वस्त्यांना वीज मिळायला अकरा महिने लागले. सरकारने मान्य केलेला मृत्यूंचा अंदाज २,९७५ आहे. त्यांतले बरेच जण वाऱ्याने नव्हे, तर नंतरच्या महिन्यांत औषधे, डायलिसिस, रस्ते आणि पाणी यांच्या अभावी दगावले.

लाल रेषा कुठे आखायची?

गोदाकाठी घर किंवा दुकान असलेल्या माणसाला निळी आणि लाल पूररेषा शिकवावी लागत नाही. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. “शंभर वर्षांतून एकदा” याचा अर्थ मात्र बहुतेकांनी चुकीचा घेतलेला असतो. एकदा आला म्हणजे नव्व्याण्णव वर्षांची निश्चिंती, असे ते नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, असे ते आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तसा पूर येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक भरते. आणि हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : उद्याचे पाणी कालच्या पाण्यासारखेच वागेल.

बेटांवर ते गृहीत सर्वांत आधी मोडते, आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर यात आहे. ज्या घराचा उंबरा कमरेइतका उंच, तिथे अंगणातले पाणी चार बोटे चढले तरी काही बिघडत नाही; ज्याचा उंबरा वीतभर, तिथे त्याच चार बोटांनी आत पाणी येण्याचे दिवस कैक पटींनी वाढतात. उष्ण कटिबंधातल्या अनेक बेटांवर नेहमीची भरती आणि शतकातून एकदा येणारी भरती यांत फरकच थोडा असतो, म्हणजे उंबरा वीतभरच असतो. त्यामुळे समुद्राची शतकातून एकदा येणारी उंची अनेक बेटांवर २०५० पर्यंत दरवर्षी गाठली जाऊ लागेल, असे आयपीसीसीने २०१९ मध्ये म्हटले.

उपाय तीन तऱ्हांचे आहेत आणि प्रत्येकाला किंमत आहे. भिंत बांधणे हा पहिला. १९८७ मध्ये माले शहरात समुद्र शिरल्यावर जपानच्या मदतीने शहराभोवती भिंत उभी राहिली आणि २००४ च्या त्सुनामीत तिने शहराचे बरेच रक्षण केले. पण भिंतीने वाळूची ये-जा थांबते आणि शेजारचा उघडा किनारा अधिक झिजतो. उंच होणे हा दुसरा. मालदीवने १९९७ पासून समुद्रात भर घालून हुलहुमाले हे सुमारे दोन मीटर उंचीचे बेट तयार केले. मात्र भर घालायची वाळू समुद्रतळातूनच उपसावी लागते आणि त्या गढूळ पाण्यात आसपासचे प्रवाळ गुदमरते. निघून जाणे हा तिसरा. फिजीतले वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत हलवले गेले. किरिबातीने त्याच वर्षी फिजीत जमीन विकत घेतली. तुवालूच्या नागरिकांपैकी ऑस्ट्रेलिया एका करारानुसार वर्षाला २८० जणांना कायम वास्तव्याची मुभा देते.

या तिन्हींखेरीज चौथा, स्वस्त आणि दुर्लक्षित मार्ग म्हणजे असलेले बिघडू न देणे : किनाऱ्यावरची झाडे आणि खारफुटी राखणे, सांडपाणी भिंगात मुरू न देणे, पोपटमाशाची मासेमारी आवरणे, छतावरचा पाऊस साठवणे आणि पर्यटकांची संख्या खोल्यांवरून नव्हे, विहिरीवरून ठरवणे. यातून फीत कापण्याजोगे काही उभे राहत नाही, हीच त्याची अडचण असावी.

जमीनच नसेल तर देश उरतो का?

किरिबातीची जमीन सगळी मिळून ८११ चौरस किलोमीटर आहे, पण तिच्याभोवतीच्या दोनशे सागरी मैलांच्या हक्कामुळे त्या देशाच्या ताब्यातला समुद्र भारताच्या क्षेत्रफळाहून मोठा आहे. ट्यूना मासेमारीच्या परवान्यांचे उत्पन्न त्यावरच चालते. ही हद्द किनाऱ्यापासून मोजतात. मग किनारा मागे सरकला तर हद्दही सरकणार का?

वानुआटू या पॅसिफिक महासागरातल्या बेटदेशाच्या पुढाकाराने हा आणि असे अनेक प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेले. २३ जुलै २०२५ रोजी दिलेल्या सल्लागार मतात न्यायालयाने म्हटले की, एकदा रीतसर जाहीर केलेली सागरी हद्द समुद्र चढला म्हणून बदलण्याचे बंधन देशांवर नाही, आणि देश घडवणारा एखादा घटक नाहीसा झाला एवढ्यावरून त्याचे देशपण संपतेच असे नाही. तेव्हा बेटांच्या नियोजकांच्या टेबलावर आता दोन उलट जातीच्या रेषा आहेत : पूररेषा दर काही वर्षांनी पुन्हा आखावी लागणार, तर हद्दीची रेषा पाणी कुठेही गेले तरी आहे तिथेच ठेवायची. तुवालूने त्याआधीच, २०२३ मध्ये, आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवले आहे की हवामान बदलाने जमिनीचे काहीही झाले तरी तुवालू हे राज्य कायम राहील.